गोडघाशांसाठी नवे शब्द कसे पाडायचे: घरच्या घरी करायची पूर्ण कृती

गोड आवडणाऱ्या माणसाला मराठीत आधीपासून एक झकास शब्द आहे, गोडघाशा. पण हा एकटा शब्द किती जणांना पुरणार? ज्याला एप्रिल-मेमध्ये आमरसाशिवाय दुसरं काही दिसत नाही तोही गोडघाशा, जेवण होऊन अर्धा तास झाला की फ्रीज उघडून नुसती उभी राहणारी पण गोडघाशी, आणि चिवड्याच्या डब्यामागे लपवलेला लाडवांचा डबा बरोब्बर हुडकणारा पोरगाही गोडघाशाच. तिघांचं गोडावरचं प्रेम एकदम वेगळं आहे, मग तिघांना शब्दपण वेगळे पाहिजेत ना. ते आपणच करायचे. हे काम भाषापंडितांचं नाहीये, घरात दुपारच्या चहाला बसून करायचं आहे आणि त्यात भयंकर मजा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. नवा शब्द हवेतून काढायचा नाही. उगाच 'झिंबूल' किंवा 'गोडॅस्टिक' असं काहीतरी केलं तर समोरचा विचारतो म्हणजे काय, आणि अर्थ सांगावा लागला की मजा संपली. मराठीत शब्दांचे साचे तयार आहेत, मोदकाच्या साच्यासारखे, आपण फक्त सारण नवं भरायचं. साचा ओळखीचा असला की ऐकणाऱ्याला अर्थ आपोआप कळतो, तुम्हाला तोंड उघडून समजवावं लागत नाही. सावरकरांनी रुजवलेला 'महापौर' शब्द बघा, 'महा' ओळखीचा, 'पौर' म्हणजे नगरातला हेही संस्कृतातून माहितीतलं, म्हणून तो आज नवा वाटतच नाही. आपल्याला पौर नको, आपल्याला पेढे पाहिजेत, पण रीत तीच.

पहिली पायरी: नाव नसलेली गोष्ट शोधा

बहुतेक जण इथेच घाई करतात. आधी शब्द सुचतो आणि मग त्याला अर्थ चिकटवतात, असे शब्द एका दिवसात मरतात. उलटं करायचं. आधी आपल्या घरात रोज घडणारी पण नाव नसलेली गोष्ट पकडायची. उदाहरणार्थ, पुरणपोळीवर तूप ओतून जेवल्यानंतर दुपारी जी झोप येते ती साध्या वामकुक्षीपेक्षा वेगळी असते की नाही? तिला नाव नाही. बर्फीचा बॉक्स फिरत असताना 'मला अर्धीच' म्हणून वडी मोडणारा आणि पाच मिनिटांनी उरलेली अर्धी उचलणारा माणूस प्रत्येक ऑफिसात आहे, त्याला नाव नाही. जेवण पोटभर झालंय, भूक अजिबात नाही, तरी तोंडाला काहीतरी गोड हवंय, याला नाव नाही. फराळाच्या डब्यावर लक्ष ठेवून असणं, नाव नाही.

अशा गोष्टी वहीत लिहा नाहीतर मोबाइलमधल्या नोट्समध्ये. चार प्रकारच्या असतात साधारण: माणूस, अवस्था, कृती आणि वेळ. माणसांवरचे शब्द पटकन सुचतात पण अवस्थांवरचे जास्त टिकतात असं माझं मत आहे, कारण माणूस एकच असतो, पुरणपोळीनंतरची झोप मात्र सगळ्यांना येते.

दुसरी पायरी: आपल्या गावचा माल गोळा करा

आता पदार्थांची यादी. इथे केक, डोनट, ब्राउनीपासून सुरुवात करू नका, त्यांची नावं मराठी साच्यात नीट बसत नाहीत, तोंडात अडकतात. लाडू, पेढा, वडी, करंजी, चिरोटा, अनारसा, शंकरपाळे, श्रीखंड, बासुंदी, खरवस, शिरा, गुळपोळी, आमरस, मोदक, खीर. मग आपापल्या भागाचं त्यात घाला. साताऱ्याचे असाल तर कंदी पेढा, बेळगावचे असाल तर कुंदा, मालवणकडचे असाल तर खाजा, नागपूरकरांनी संत्रा बर्फी, गोंयकारांनी बेबिंका आणि दोदोल, लोणावळ्याजवळ राहत असाल तर चिक्की. गावच्या पदार्थाचा शब्द घरच्यांना जास्त लागतो. शिवाय ही नावं मुळातच नादमय आहेत, नुसतं 'कुंदा' म्हणून बघा.

यादी केली की प्रत्येक नाव मोठ्याने म्हणायचं आणि शेवटची दोन अक्षरं कुठली ते बघायचं. गुलाबजामच्या शेवटी 'जाम', आमरसच्या शेवटी 'रस', श्रीखंडच्या शेवटी 'खंड', शंकरपाळेच्या शेवटी 'पाळे'. ही शेपटी पुढे फार कामाला येणार आहे.

तिसरी पायरी: साचे वापरायला शिका

हा या सगळ्यातला सगळ्यात श्रीमंत भाग, इथे वेळ घालवा.

पहिला साचा '-खोर'. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर. हा प्रत्यय फारसीतून आलाय आणि तिकडे त्याचा मूळ अर्थच 'खाणारा' असा आहे, लाचखोर म्हणजे लाच खाणारा. म्हणजे 'पेढेखोर' म्हटलं की आपण त्या बिचाऱ्या प्रत्ययाला त्याच्या मूळ कामावर परत लावतोय. मला हा शब्द म्हणूनच फार आवडतो. बर्फीखोर, श्रीखंडखोर, वडीखोर, हवे तेवढे करा.

इथे एक छोटा नियम लक्षात ठेवा. 'पेढाखोर' नाही म्हणायचं. मराठीत आकारान्त शब्द जोडताना पहिल्याचा बहुतेक वेळा एकार होतो, डबेवाला, घोडेस्वार, किल्लेदार, चमचेगिरी. म्हणून पेढेखोर. एवढं पाळलं की शब्द एकदम जुना, रुळलेला वाटतो, आणि नाही पाळलं तर कुठेतरी खटकतं पण का खटकतं ते सांगता येत नाही.

दुसरा साचा '-ळू'. झोपाळू, विसराळू, लाजाळू, मायाळू. हा प्रेमळ प्रत्यय आहे, ओरडत नाही. त्यामुळे लहान मुलांसाठी, नव्या सुनेसाठी, शेजारच्या काकूंसाठी -खोर नको, -ळू वापरा. 'आमची मनू फार लाडवाळू आहे हो', यात कौतुक आहे. 'लाडूखोर' म्हटलं असतं तर त्यात तक्रार आली असती. प्रत्यय निवडताना आपला सूर कुठला ते आधी ठरवायचं.

तिसरा साचा '-गिरी'. मराठ्यांच्या फौजा मुलुखगिरीवर निघायच्या, आपण 'पेढेगिरी'वर निघू. सुट्टीत गाडी काढून साताऱ्याला कंदी पेढे, मग नरसोबाच्या वाडीला दर्शन आणि तिथली बासुंदी नि कवठाची बर्फी, आणि पुढच्या वेळी कुंथलगिरीचा पेढा, ज्याच्या गावाच्या नावातच गिरी आहे. ट्रिपला असं नाव दिलं की घरातले सगळे पटकन तयार होतात.

चौथा साचा म्हणजे नाव अधिक क्रियापद. लाकूडतोड्या, घरफोड्या, खिसेकापू, वेळकाढू. हा साचा पोरांना सगळ्यात जास्त आवडतो कारण यात चोरी आहे. घरफोड्यावरून 'डबेफोड्या', आणि गुन्ह्याचं नाव 'डबेफोडी'. खिसेकापूवरून 'वडीकापू', तोच तो ऑफिसातला अर्धी-अर्धी करणारा. चाटण्यावरून 'वाटीचाट्या', हा श्रीखंडाच्या दिवशी हमखास सापडतो. यातला फायदा असा की शब्दातच पूर्ण प्रसंग दिसतो, अर्थ सांगायची गरजच पडत नाही.

पाचवा साचा साखरेचा. मराठीत साखर आधीच किती ठिकाणी जाऊन बसलीय बघा, पहाटेची साखरझोप, लग्नाचा साखरपुडा, पुढाऱ्यांची साखरपेरणी. मग त्यावरून दुपारच्या त्या झोपेला 'पुरणझोप' म्हणायला काय हरकत आहे? 'होळीच्या दिवशी दुपारी फोन करू नका, आम्ही पुरणझोपेत असतो.' हा शब्द कुणालाही पहिल्यांदा सांगा, लगेच कळतो, कारण साखरझोप आपल्या कानात आहेच.

याशिवाय '-जीवी' आहे, बुद्धिजीवी, श्रमजीवी, त्यावरून 'जिलबीजीवी'. रंगकर्मीवरून 'मोदककर्मी', म्हणजे चतुर्थीला सकाळपासून पाती वळत बसलेल्या सगळ्या आत्या-मावश्या, हा शब्द त्यांच्याबद्दल आदराने वापरायचा, कारण एकवीस मोदक उकडीचे करायचे म्हणजे काम आहे. आणि 'बालूशाही'त तर शाही तयारच आहे, लोकशाहीसारखी, फक्त पुढे 'वादी' लावा, 'आम्ही पक्के बालूशाहीवादी'.

चौथी पायरी: दोन शब्द एकमेकांत वितळवा

साच्यात हात बसला की मग जोडशब्दांकडे यायचं. इथे नियम एकच पण कडक: दोन्ही शब्दांत एक तरी अक्षर सामाईक पाहिजे, आणि ते जोडाच्या जागी पाहिजे. मघाची शेपटीची यादी आता काढा. आमरसच्या शेवटी 'रस', आणि 'रसिक'च्या सुरुवातीला 'रस'. झाला 'आमरसिक'. अनारशातही तेच, 'अनारसज्ञ', म्हणजे अनारशाची जाळी बघून पीठ किती दिवस मुरलंय ते सांगणारा माणूस. गोड आणि डोहाळे, मधला 'ड' दोघांचा, म्हणून 'गोडोहाळे'. पोटभर जेवणानंतर जे होतं ना ते हेच, 'मला गोडोहाळे लागलेत, डब्यात काही आहे का?' डोहाळे फक्त बायकांना आणि फक्त गरोदरपणात लागतात, गोडोहाळे मात्र घरातल्या कुणालाही, कधीही, हा या शब्दाचा मोठेपणा.

शंकरपाळे आणि पाळत, 'पाळ' सामाईक. 'शंकरपाळत ठेवणे' म्हणजे फराळाच्या डब्यावर नजर ठेवून असणे. मोदक आणि कैवल्य, 'क' सामाईक, आणि झालं 'मोदकैवल्य'. गरम उकडीचा मोदक फोडून त्यावर साजूक तूप सोडलं आणि पहिला घास घेतला की जी अवस्था येते ती. यापेक्षा नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

सामाईक अक्षर नाही सापडलं तर एखाद्या ओळखीच्या शब्दातलं एकच अक्षर बदलून बघा. बंदिवानचा 'कंदिवान', सातारी कंदी पेढ्याच्या कैदेतला माणूस. मंदाकिनीची 'कुंदाकिनी', बेळगावची माहेरवाशीण असेल तर तिला हे नाव शोभतं. चिकाटीची 'चिक्काटी', दाताने चिक्की फोडायला लागणारी जिद्द. काजूकतलीची 'काजूकत्तल', अर्धा किलो आणली आणि संध्याकाळपर्यंत बॉक्समध्ये फक्त चांदीचा वर्ख उरला, ही ती. आणि हवालदिलवरून 'हलवादिल', संक्रांतीला बोरन्हाणात हलव्याचे दागिने घातलेलं बाळ आठवा, गळ्यातला हार तोंडापर्यंत येत नाही म्हणून त्याचा चेहरा कसा होतो, तो हलवादिल चेहरा.

कधीकधी काही बदलावंही लागत नाही, शब्द तसाच उचलून दुसरीकडे ठेवला की झालं. 'मी जाम खूश' ऐवजी 'मी गुलाबजाम खूश'. लग्नाच्या बुफेत गोडाच्या काउंटरपुढे लाईन लागली की 'तिकडे गुलाबजाम झालाय, थांब जरा'. मालवणी माणसाने खाजा घेऊन खोलीत बसलं की 'आता डिस्टर्ब करू नका, खाजगी वेळ आहे'.

पाचवी पायरी: संधी आणि क्रियापदं

शाळेत संधी पाठ केले होते ते इथे वापरा, मुलांचा अभ्यासपण होतो. सवर्णदीर्घ संधी: पेढा अधिक आनंद, 'पेढानंद'. बासुंदी अधिक इच्छा, 'बासुंदीच्छा'. लाडू अधिक उपहार, 'लाडूपहार'. गुण संधी: शिरा अधिक उत्सव, 'शिरोत्सव', सत्यनारायणाच्या पूजेला चपखल बसतो. संस्कृताचा भारदस्तपणा आणि आत शिरा, यामुळेच हे शब्द हसवतात. मात्र हे शब्द लांब होतात पटकन. 'गुलाबजामासक्त' मी कुणाच्याच तोंडी बसलेला पाहिला नाही. एका दमात म्हणता आला नाही तर सोडून द्या.

क्रियापदं थोडी अवघड पण करून बघाच. सुख-सुखावणे, राग-रागावणे, सुस्त-सुस्तावणे, पाणी-पाणावणे. त्यावरून 'पेढावणे', म्हणजे रिझल्टच्या दिवशी घरोघरचे पेढे खाऊन तृप्त होणे. 'डोळे पाणावले' तशी 'जीभ पाकावली', कढईत पाक एकतारी झालाय आणि वास घरभर सुटलाय तेव्हा. वाक्प्रचारातही बदल करता येतो, जीव तीळतीळ तुटतो तसा 'जीव वडीवडी तुटतो'.

सहावी पायरी: शब्द चालतो का ते तपासा

शब्द सुचला म्हणून लगेच ग्रुपवर टाकू नका, जरा फिरवून बघा. आधी लिंग ठरवा. पुरणझोप ती, मोदकैवल्य ते, गोडोहाळे नेहमी अनेकवचनी, डोहाळ्यांसारखेच. मग विभक्ती लावा: 'पेढेखोराला सांग', 'डबेफोड्यांनी दार लावलं', 'आमरसिकांची पंगत'. प्रत्यय लागताना जीभ अडखळली नाही म्हणजे शब्द पास. डबेफोड्याचं अनेकवचन डबेफोडे आणि मुलगी असेल तर डबेफोडी, पण डबेफोडी हे गुन्ह्याचंही नाव आहे, चालतं, संदर्भाने कळतं.

मग कोश बघा. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली पहिल्यांदा आला, १८५७ ला दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने निघाला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. आपला शब्द तिथे आधीच वेगळ्या अर्थाने बसलेला असू शकतो, आणि बघता बघता गुळचट, गुळमुळीत, गुळपीठ असे शब्द हाताला लागतात, त्यांच्याकडे बघून अजून दहा नवे सुचतात. हल्लीच्या बोलण्यातले अर्थपण ध्यानात घ्या, 'जिलब्या पाडणे' म्हणजे कविता किंवा लेख धडाधड लिहीत सुटणे असा अर्थ नेटवर केव्हाच रुळलाय, त्यामुळे जिलबीवरून शब्द करताना ऐकणारा तिकडे वळू शकतो.

शेवटची तपासणी माणसांची. कुणाच्या अंगावर, वजनावर किंवा शुगरच्या रिपोर्टवर शब्द करायचा नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. आजोबांना डायबेटीस आहे आणि सगळे श्रीखंड खातायत, तिथे 'डबेफोडे आजोबा' म्हटलं तर त्यांना लागतं. पण त्याच अवस्थेला 'श्रीखंडित' हा शब्द आहे, श्रीखंड अधिक खंडित. 'आजोबा, पाडव्याला तुम्ही श्रीखंडित राहणार म्हणून तुमच्यासाठी बदामाची खीर बिनसाखरेची केलीय', यात माया आहे आणि आदरार्थी बहुवचनात शब्द नीट बसतो.

सातवी पायरी: पंगतीत वाढा

नवा शब्द जाहीर करायचा नाही, वापरायचा. 'मी एक शब्द तयार केलाय' म्हटलं की सगळे परीक्षक होतात. त्यापेक्षा सरळ वाक्यात टाका आणि पुढे बोलत रहा. कुणी 'काय म्हणालीस?' विचारलं की समजा लागला.

सण हे सगळ्यात चांगलं मैदान, कारण प्रत्येक सणाला पदार्थ ठरलेला आहे. संक्रांतीला हलवादिल, होळीला पुरणझोप, पाडव्याला श्रीखंडित, अक्षय्य तृतीयेपासून आमरसिक, चतुर्थीला मोदकैवल्य, दिवाळीत शंकरपाळत. वर्षातून एकदाच येणारा शब्द लोक विसरत नाहीत, पुढच्या वर्षी तेच आठवण करून देतात. पदार्थांच्या डब्यांवर लेबलं लावत असाल तर तिथेही लिहा, 'डबेफोड्यांसाठी सूचना: खालचा थर पाहुण्यांचा'.

उखाण्यात तर नवे शब्द फार शोभतात, केळवणाला नाहीतर डोहाळजेवणाला आग्रह झालाच तर:

पेटी आली देवगडची, घरभर सुटला वास,
…राव पडले आमरसिक, पहिली वाटी त्यांनाच खास.

परदेशात असाल आणि मुलांचं मराठी घरापुरतंच राहिलं असेल तर हा खेळ जरूर खेळा. मुलं इंग्रजी आणि मराठी मिसळून शब्द करतील, करू दे, पण साचा मराठी ठेवायला लावा: कुकीखोर, केकाळू, डबेफोड्या. -खोर आणि -ळू यातला फरक त्यांना व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय कळतो, आणि त्या निमित्ताने झोपाळू, विसराळू, भांडखोर हेही शब्द त्यांच्या बोलण्यात येतात.

सगळे शब्द जगत नाहीत. दहा केले तर दोन-तीन घरात राहतात, एखादाच शेजारी जातो. जो मागे पडला त्याला ढकलत बसू नका, त्यातला पदार्थ काढून घ्या आणि दुसऱ्या साच्यात घालून बघा. खरवसाला अजून चांगला शब्द मिळालेला नाही, 'खर' आणि 'वस' दोन्ही बाजूंनी जागा आहे, सुरुवात तिथून करा.